कोरड्या जिभेची धुरपताबाई

माझ्या राजदूत फटफटीला एक खोड होती. ती चालू होताना गुपचूप व्हायची आणि बंद होताना बोंबलायची. किल्ली फिरवली की क्षणभर गप्प राहायची, आणि आपण पाय टेकवून सभ्य माणसासारखे उतरायला लागलो की मागून बंदुकीचा बार उडावा तशी ‘फाट्!’ करून मोकळी व्हायची. ही गाडी मला माझ्या मेव्हण्याने दिली होती. देताना तो का हसत होता, ते मला शहापूरच्या पुढे आल्यावर कळलं.

सत्त्याहत्तर सालच्या आषाढात ही गाडी मी भैयाजींच्या बांधीजवळ, म्हणजे भाताच्या खाचराजवळ, अगदी धुऱ्याच्या बांधाला लागून उभी केली. बांधीत बायका ओळीने वाकून भाताचा रोवणा, म्हणजे लावणी करत होत्या. शेजारच्या बांधीत हल्यांची, रेड्यांची जोडी चिखल तुडवत होती. पाण्यात बगळे उभे होते. मी शेती खात्यातला सहायक, हातात गाठी मारलेली दोरी. या दोरीने ओळी आखून रोवणा करा, हे सांगत गावोगाव फिरणं हेच माझं काम. म्हणून मला सगळे ‘दोरीवाले साहेब’ म्हणत. मी उतरलो. गाडी म्हणाली, ‘फाट्!’

बगळे उडाले. हले नांगरासकट तलावाकडे पळाले, आणि त्यांच्या मागे त्यांचा हाकणारा. बायका दचकून सरळ झाल्या. आणि ओळीच्या मधली एक चांगली भरभक्कम बाई दोन्ही कान धरून सपशेल तोंडावर पडली ती उठेचना.

मला आधी हसू आलं. चिखलात कुणी पडलं की या बायका हसतात, दुसऱ्याच्या पडण्यावर हसतात, स्वतःच्या पडण्यावर त्याहून जास्त हसतात. पण त्या दिवशी एकही बाई हसली नाही, आणि माझं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं.

“साहेब, ते तुमची फटफटी नेऊन तलावात बुडवा!” चंद्रभागाबाई ओरडली. ही त्यांच्यातली सगळ्यात वयस्क. सगळ्या तिला काकी म्हणत. “आमची धुरपता पडली ना!”

दोघींनी तिला उचलून बसवलं. तोंड सगळं चिखलाने लिंपलेलं, त्यात दोन डोळे तेवढे पांढरे. शेजारणीचा हात घट्ट धरून ती विचारत होती, “शकुन कुठं हाये? शकुन कुठं हाये वो?”

“हाये, हाये,” काकी म्हणाली. “इथंच हाये. उठ.”

मी ओळीतल्या बायकांची तोंडं एकेक करून पाहिली. शकुन नावाची बाई त्यांत नव्हती.

हले शोधायला जाता जाता भैयाजींनी मला सांगितलं. भैयाजी म्हणजे त्या बांध्यांचे मालक. बोलणं तिखट, पण मिरची आपल्या घरची असावी तसं. पोटाला बाधायचं नाही. धुरपता आणि शकुन एकाच गावच्या लेकी आणि एकाच उन्हाळ्यात या गावच्या सुना झालेल्या. रोवण्यात दोघी कायम शेजारी शेजारी. दोन वर्षांमागे याच बांधीत वीज पडली. शकुन गेली. हातभर अंतरावरची धुरपता राहिली.

“इजेनं एक नेली, एक ठेवली,” भैयाजी म्हणाले. “पन ठेवली तेबी अर्धीच ठेवली, साहेब.”

“अर्धी म्हणजे?”

“आता काय सांगू? तुमी तिचं गानं आयकलं नाही ना.”

रोवण्याचं गाणं ज्याने ऐकलं नाही, त्याला हे कळायचं नाही. एक बाई ओळ टाकते, बाकीच्या ती उचलतात. ओळ उचलायची आणि पऱ्ह्यांची, म्हणजे भाताच्या रोपांची जुडी उचलायची, हे एकाच झटक्यात. म्हणजे पुढे गाणारी बाई कशी, त्यावर रोवणा कसा. धुरपता पुढे असली की बांधी कधी संपली ते बायकांना कळत नसे. त्यात तिची जीभ अशी की धुऱ्यावरून जाणारा माणूस गाण्यात सापडल्याशिवाय पुढे जात नसे. जाणारा पाटील असो की पाहुणा, नवा जावई असला तर विचारूच नका. ती तिथल्या तिथे त्याच्यावर ओळ जुळवायची आणि बाकीच्या त्या ओळीने त्याला गावाच्या वेशीपर्यंत पोचवायच्या.

वीज पडली तेव्हापासून धुरपताने गायला तोंड उघडलं नव्हतं. बायकांनी तिला ओळीच्या मध्ये घेतलं होतं, दोन्हीकडून कुणीतरी असावं म्हणून. पुढे गायची ती चंद्रभागाकाकी. काकीला एकच चाल येत होती, आणि ती चाल ऐकून पऱ्हेसुद्धा आपणहून झोपी जातील अशी होती.

“काकीच्या गान्यावर रोवना म्हंजे,” भैयाजी म्हणाले, “दिवाळी आली तरी माही बांधी अर्धीच.”

संध्याकाळी मी चहाची पुडी घेऊन धुरपताच्या घरी गेलो. माफी मागायला रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढी अक्कल मला होती. दारात तिचा नवरा खुशाल बसला होता. उंच, हडकुळा, आणि बोलायला इतका कमी की त्याच्याशी बोलताना आपण आपल्याशीच बोलतो आहोत असं वाटावं.

“खुशालभाऊ, धुरपताबाई कुठे आहेत?”

त्याने मानेने आत दाखवलं. आत कुणी नव्हतं. चूल होती, मडकी होती आणि कोपऱ्यात धान साठवायची बांबूची मोठी ढोली होती.

“कुठे?”

“ढोलीत,” खुशाल म्हणाला.

मला वाटलं, हा विनोद आहे. तेवढ्यात ढोलीतून आवाज आला, “चाय आनली का साहेबानं? ठेवा तिथं. आभाळ आलं हाये, मी नाही निघत.”

आषाढात घरातलं धान संपत आलेलं असतं, म्हणून ढोलीत जागा असते. भरभक्कम धुरपता त्या जागेत मावायची कशी, हे मात्र मला आजवर कळलेलं नाही. मी ढोलीला माफी मागितली. ढोलीने मला माफ केलं. मग खुशाल चहा करायला उठला आणि चहा उकळेपर्यंत तो जेवढं बोलला तेवढं त्यानंतर मी त्याला वर्षभर बोलताना ऐकलं नाही.

ती झोपत नाही, तो म्हणाला. जेवत नाही. केस विंचरायचे राहून जातात. पुजाऱ्याने गंडा बांधला, कोंबडं कापलं, तिच्या माहेरच्या देवाला नारळ दिला. देवाने नारळ ठेवून घेतला. आणि आता हे नवीनच सुरू झालं आहे: मधूनच उठते आणि तलावाच्या पाळीवर जाऊन पाण्याकडे पाहत उभी राहते. “म्हून मी दारात आडवा झोपून रायतो,” खुशाल म्हणाला. “मले ओलांडून जाते तं मले जाग येते.”

मी कपातला चहा तसाच धरून बसलो. फटफटीचा विषय केव्हाच मागे पडला होता. नागपूरला मोठ्या दवाखान्यात मनाचे डॉक्टर असतात, हे मला माहीत होतं, कारण माझा एक मामा त्यांच्याकडे जाऊन माणसात आला होता. मी ते सांगितलं.

ढोलीतून लगेच उत्तर आलं. “मी का येडी हावो का?”

“येडी नाही, धुरपताबाई. ताप आला तर जाता ना डॉक्टरकडे?”

“तापाच्या डॉक्टरकडे गेलं तं गाव काय मनते? ताप आला. तुमच्या डॉक्टरकडे गेलं तं काय मनन?”

हा प्रश्न बरोबर होता. पुढचे काही दिवस गावात याच प्रश्नावर खल झाला. गावात खल म्हणजे ज्याला विचारलं नाही तोही सांगतो. भैयाजी म्हणाले, घेऊन जा. वरठीला कारखान्यात जाणाऱ्या एकाने सांगितलं, तिथे डोक्याला करंट देतात. एकदा विजेतून वाचलेल्या बाईला पुन्हा करंट कायले द्यायचा? चंद्रभागाकाकी म्हणाली, त्या गोळ्यांनी माणूस सगळं विसरतो, आपलं घर कोणतं तेही विसरतो. मी माझं खताचं ज्ञान पुढे केलं. म्हटलं, युरियाचंही तसंच आहे. जास्त टाकला तर पीक लोळतं, मुळीच नाही टाकला तर पिवळं पडतं. डोस पाहून द्यायचं असतं. त्यावर काकी म्हणाली, “आमची धुरपता का धान हाये का जी?” आणि माझं ज्ञान मी परत पिशवीत टाकलं.

शेवटी ठरवलं ते धुरपतानेच. एक दिवस ढोलीतून बाहेर येऊन ती खुशालला म्हणाली, “चला. तुमच्या पाठीवरून ओलांडून ओलांडून मले कटाळा आला.”

मी गेलो सोबत, कारण खुशालने मला सांगितलं नव्हतं की येऊ नका. शहापूरहून एसटी धरली. धुरपताने खिडकी बंद करायला लावली, मग उघडायला लावली, आणि नागपूर येईपर्यंत खुशालने ती खिडकी इतक्या वेळा खालीवर केली की मागचा माणूस जागा बदलून गेला.

डॉक्टर एक मध्यमवयीन, चष्म्याचे, हळू बोलणारे गृहस्थ होते. करंट वगैरे काही नाही. त्यांनी आधी तिला बोलू दिलं. ती काही बोलली नाही. मग त्यांनी खुशालला बोलू दिलं, म्हणजे तेच झालं. शेवटी मी सांगितलं. सगळं ऐकून ते म्हणाले, “हे बघा बाई, मी गोळी देतो. ती लगेच लागू होणार नाही, पंधरवडा-तीन आठवडे लागतील. झोप येईल, भूक येईल, भीती कमी होईल. पण फुकट काही मिळत नाही. गोळीमुळे तोंड कोरडं पडतं, दिवसा पेंग येते, पोट जरा अडतं. ती रात्री झोपताना घ्यायची. आणि महिन्याला येऊन माझ्याशी बोलायचं. गोळी अर्धं काम करते, बोलणं अर्धं.”

धुरपता तोवर खाली पाहत होती. आता तिने वर पाहिलं.

“डॉक्टर साहेब, हे गोळी खाल्ली तं शकुन इसरन का?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “नाही,” ते म्हणाले. “शकुन राहील. तिची आठवण आली की उठून तलावावर जावं लागतं ना, ते कमी होईल.”

“मंग द्या,” धुरपता म्हणाली.

परत येताना ती खिडकीविषयी काही बोलली नाही. शहापूर आल्यावर खुशालने तिला विचारलं, “विसराची भीती होती का तुले?” ती म्हणाली, “तिले आता माह्याबिगर कोन आठवते?” खुशालने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि आम्ही चालू लागलो.

गोळीने काम केलं. पोळा झाला, नवं पीक येऊन ढोली भरली, आणि धुरपताने पुन्हा आत शिरायचा प्रयत्न केला नाही. भरली नसती तरी केला नसता, असं खुशालचं मत. ती झोपायला लागली. इतकी झोपायला लागली की सकाळचा सडा खुशालला घालावा लागे, आणि गावातल्या बायका तो सडा पाहायला येत, कारण खुशाल सडा घालायचा म्हणजे अंगणाला खत द्यायचा. ती जेवायला लागली. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत तिने बांगड्या भरल्या. मी कधी गेलो की ती मला ओट्यावर बसवून विचारायची, “काय जी साहेब, दोरी विकली का?” मला अजून एकही शेतकरी दोरी धरायला तयार झाला नव्हता, हे तिला ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी पुन्हा आषाढ आला, आणि बायकांनी तिला ओळीच्या टोकाला उभं केलं. पुढे. तिच्या जुन्या जागेवर. चंद्रभागाकाकीने स्वतः हात धरून नेलं. मी धुऱ्यावर होतो. गाडी दूर, गावाबाहेर लावून आलो होतो.

धुरपताने पऱ्ह्यांची जुडी हातात घेतली. सूर लावला.

“बांधीच्या पान्यामंदी आभाळ उतरलं बाई...”

बायकांनी ओळ उचलली. काकीच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरी ओळ टाकायला धुरपताने तोंड उघडलं आणि नुसता ‘चट्’ असा आवाज आला. जीभ टाळूला चिकटली होती. तिने पाणी प्यायलं, पुन्हा सुरू केलं, अर्ध्यात पुन्हा चट्. तोंडात थुंकीचा थेंब नाही. जी जीभ चालत्या माणसाला चार पावलांत गाण्यात गुंफायची, ती आता एका ओळीत दोनदा अडखळत होती. थोड्या वेळाने ती ओळीच्या मध्ये जाऊन उभी राहिली, आणि काकीने आपली झोपाळू चाल धरली.

मग सुरू झाले उपाय. कुणी चिंच आणली, कुणी बोरकूट, कुणी खडीसाखर. धुरपता गालात चिंचेचं बुटुक धरून गायला लागली. त्याने गाणं आलं, पण शब्द सगळे आंबट तोंडाने येत. शेवटी तिने आपल्या मनाने एक शोध लावला. डॉक्टरने गोळी रात्री घ्यायला सांगितली आहे. पण भीती तर रात्री नसते, बांधीत असते. मग भीती जिथे येते तिथेच गोळी खाल्ली पाहिजे. आणि न्याहारीला खाल्ली तर सकाळचं गाणं तरी ओल्या तोंडाने होईल. एवढं बिनचूक तर्कशास्त्र मी आमच्या खात्याच्या परिपत्रकातही पाहिलं नव्हतं.

तिने गोळ्यांची डबी बांधीवर आणली, न्याहारीच्या वेळी पदरातून काढली, आणि सगळा घोटाळा तिथे झाला. कारण त्या बायकांचा एक नियम होता: धुऱ्यावर जे आलं ते सगळ्यांचं. लाखोळीची भाजी असो, शिळा भात असो, लोणच्याची फोड असो, नाहीतर तंबाखूची चिमूट. एकटीने खायचं नाही. आणि ही तर ती गोळी, जिने धुरपताला ढोलीतून बाहेर काढलं होतं.

“मले बी दे एक,” काकी म्हणाली.

“तुले कायले वो काकी? तुले का झालं?”

“मले का झालं?” काकी हातातला घास खाली ठेवून म्हणाली. “शकुन का तुया एकटीची होती का? आमची नव्हती?”

धुरपताने डबी उघडली. प्रसाद वाटावा तशी गोळी सगळ्या ओळीला वाटली गेली, आणि सगळ्यांनी ती भाताच्या पेजेबरोबर गिळली.

दुपारी भैयाजी धावत माझ्याकडे आले. मी गावात, झाडाखाली एकाला दोरीचं महत्त्व सांगत होतो. भैयाजींचं धोतर चिखलाने माखलेलं, श्वास लागलेला.

“साहेब, तुमी काल पऱ्ह्याले कोन्तं औषध दिलं होतं?”

“का? काय झालं?”

“साऱ्या बाया मेल्या!”

मी त्या दिवशी जसा धावलो तसा आयुष्यात धावलो नाही. आदल्या दिवशी मी पऱ्ह्यांची मुळं बुडवायला किडीचं औषध दिलं होतं हे खरं, आणि बांधी येईपर्यंत मी मनातल्या मनात नोकरी गमावली, तुरुंगात गेलो आणि तिथून सुटूनही आलो. धुऱ्यावर आंब्याखाली ओळीने बायका पडलेल्या. पऱ्ह्यांच्या जुड्या पाण्यात तरंगत होत्या. बगळे निवांत फिरत होते. मी चंद्रभागाकाकीच्या तोंडाजवळ कान नेला.

काकी घोरत होती.

भैयाजींनी हाक मारली तेव्हा तिने एक डोळा उघडला. “कायले बोंबलून राहिले जी?” ती म्हणाली. “लगनाच्या आधी झोपली होती असी. आता झोपली.” आणि तो डोळा मिटला.

सगळ्या सुखरूप होत्या. संध्याकाळपर्यंत एकेक करून उठल्या, तोंड कोरडं, डोळे जड, आणि घरी जाऊन पाणी पीत बसल्या. ज्या गोष्टीने मला घाम फोडला होता, तिच्यावर गाव महिनाभर हसलं. भैयाजी तर दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “उरली का एखादी?”

उरली नव्हती. डबी रिकामी झाली होती, आणि नागपूरची तारीख अजून दूर होती. मी म्हटलं, आपण लवकर जाऊ. धुरपता म्हणाली, “संपल्या तं संपल्या. पाहू.”

आणि गंमत अशी की काही दिवसांत तिच्या तोंडाला पाणी सुटलं. गाणं आलं. पहिल्यासारखं, ओलं, खणखणीत. मी सायकलवरून आलो होतो, तरी तिने मला सोडलं नाही:

“साहेबाची फटफटी खोकलते धुऱ्यावर,
साहेब बसे असा, जसा बगळा रेड्यावर!”

साऱ्या बांधीने ती ओळ उचलली. मी बगळ्यासारखाच उभा राहून ऐकली. भैयाजींची बांधी त्या आठवड्यात झपाझप हिरवी झाली. गोळीवाचून बाई बरी झाली, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. खुशाल मात्र पुन्हा दारात आडवा झोपायला लागला होता, हे मला नंतर कळलं.

मग एका दुपारी तलावापलीकडून आभाळ काळं होऊन आलं, आणि पहिल्या गडगडाटाला धुरपता ओळीतून निघून गेली. कुणाला वाटलं घरी गेली, ढोलीत. ढोली रिकामी होती. खुशाल घरातून निघाला तो सरळ तलावाकडे. मी त्याच्या मागे. ती पाळीच्या खाली, गुडघाभर पाण्यात उभी होती, पुढे पाहत. पाऊस सुरू झाला होता.

मला ओरडावंसं वाटलं. खुशालने हाताने मला थांबवलं. तो पाण्यात उतरला, तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला, आणि तिच्या डोक्यावर आपली पोत्याची खोळ धरली. मग तो म्हणाला, “पानी थंड हाये वो.”

“हो,” ती म्हणाली.

“चल मंग.”

ती आली. काठावर येऊन तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “साहेब, शहापूरची मोटर उद्या किती वाजता हाये?”

डॉक्टर आधी रागावले. मग गोळ्या वाटल्याची हकिकत ऐकून त्यांना हसू आवरेना. त्यांनी टेबलाखाली काहीतरी पडल्याचं सोंग केलं. वर आल्यावर ते गंभीर झाले. म्हणाले, अशी गोळी एकदम सोडायची नसते, आणि एकीची गोळी दुसरीला तर कधीच द्यायची नसते. धुरपताने कबूल केलं. मग तिने आपलं म्हणणं मांडलं: गोळी खाल्ली की गाणं जाते, गाणं ठेवलं की आभाळ खाते. दोन्हीतलं एक सांगा.

“ते मी नाही सांगणार,” डॉक्टर म्हणाले. “मी एवढंच सांगतो की डोस जरा कमी करून पाहू, आणि रात्रीच घ्या, दिवसा नाही. तोंड थोडं कोरडं राहीलच. पण तुम्ही माझ्याशी अजून काही बोललाच नाहीत बाई. अर्धं काम बाकी आहे.”

त्या दिवशी आम्हाला बाहेर बसवलं. दार बंद होतं. खुशाल बाकावर, मी त्याच्या शेजारी. आतून आधी रडणं ऐकू आलं. आणि मग, देवाशपथ, हसणं. बाहेर आल्यावर खुशालने विचारलं, “का सांगतलं?”

“शकुनच्या गोष्टी,” ती म्हणाली. “तिनं एक डाव तुमाले चिखलात ढकललं होतं ना, ते.”

“ते कायले सांगतलं?” खुशाल म्हणाला. पण त्याला राग आला नव्हता.

त्यानंतर तिने गोळी सोडली नाही, आणि गाणंही सोडलं नाही. तोंड कोरडं पडायचं ते पडतच राहिलं. तिने वाळक्या भोपळ्याचा एक लहान तुंबा पाण्याने भरून कमरेला बांधला. ओळ टाकायची, बायका ती दोनदा उचलत तोवर एक घोट प्यायचा, मग पुढची ओळ. गाणं पहिल्यापेक्षा सावकाश झालं, रोवणाही. चालत्या माणसावर ओळ जुळवताना तिला आता वेळ लागे. कितीकदा माणूस वेशीबाहेर गेल्यावर ओळ जुळायची, आणि मग ती त्याच्या परत येण्याची वाट पाहायची. आभाळ गडगडलं की ती अजूनही ओळ सोडून आंब्यापासून दूर, गड्यांच्या झोपडीत जाऊन बसायची. बायका मग काम टाकून तिच्यासोबत जात आणि झोपडीत गर्दी करून मोठमोठ्याने गात, आणि काकीची ती झोपाळू चाल त्या वेळी फार कामाला येई. भैयाजी कुरकुरायचे, पण दर वर्षी रोवण्याच्या पहिल्या दिवशी तिला बोलवायला स्वतः तिच्या घरी जायचे.

दोन-तीन वर्षांनी डॉक्टरांनी गोळी आणखी कमी केली, एकदा बंदही केली, पुन्हा थोडी सुरू केली. माझी बदली पलीकडे, नाकाडोंगरीकडच्या रानात झाली. राजदूत मी निघताना मेव्हण्यालाच परत दिली, आणि देताना मी हसलो.

त्र्याऐंशीच्या आषाढात कामानिमित्त शहापूरला आलो होतो, म्हणून वाट वाकडी करून गेलो. भैयाजींच्या बांधीत रोवणा चालला होता. धुरपताबाई ओळीच्या टोकाला, कमरेला तुंबा, केसांत पांढरं आलेलं. मला पाहून तिने ओळ टाकायला सुरुवात केली, अडखळली, पाणी प्याली, आणि हात हलवून मला सांगितलं की थांबा, ओळ यायची आहे. मी थांबलो. खुशाल धुऱ्यावर पऱ्हे वाहत होता. आता तो घरात, खाटेवर झोपतो, हे त्याने मी न विचारताच सांगितलं. त्याच्या हिशेबाने ते फार मोठं भाषण होतं.

न्याहारीच्या वेळी मी तिच्याजवळ बसलो. काकीने माझ्यापुढे भात वाढला; धुऱ्यावर आलेला मीही आता सगळ्यांचा होतो. मी खतवाला माणूस. कशात किती टाकलं आणि किती आलं, हे विचारल्याशिवाय मला घास गिळत नाही. म्हणून विचारलं, “धुरपताबाई, एवढी वर्षं गोळी खाल्ली, नागपूरच्या खेपा केल्या, लोकांचं बोलणं ऐकलं, गाणं अर्ध्यावर आलं, पाणी पिऊन पिऊन गावं लागतं. खरं सांगा, यात गेलं जास्त की आलं जास्त?”

तिने तुंब्यातून घोट घेतला, तोंड पुसलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अजून तीच गाठी मारलेली दोरी घेऊन फिरतो आहे.

“थुकाच गेला ना, साहेब, मी तं नाही गेली!”